कामाची वाटणी

निकाल इंग्रजीत वाचला गेला. अपील फेटाळल्याचं जयवंतला वकिलांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

वकील मनमोहन कोठारे गिरगावचे. त्यांनी हळू आवाजात मराठीत समजावलं, की कैद्याला कोणतं काम द्यायचं हे तुरुंगाचे अधिकारी ठरवतात. जात पाहून दिलं, याला पुरावा नाही. मागच्या बाकावरून त्याची बायको कौसल्या उठली. ती जवळ येईपर्यंत शिपायांनी त्याला बाहेर नेलं होतं.

जयवंत वरळीच्या बीडीडी चाळीतला, गिरणीत रिंग खात्यात कामाला. दादरच्या चौपाटीवर त्यानं आणि कौसल्येनं एकत्र धम्मदीक्षा घेतली. पुढच्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लालबागला दगडफेक झाली. तो आणि प्रभादेवीचा शशिकांत पोलिसांच्या एकाच गाडीत कोंबले गेले. दोघांवर कलम एकच, शिक्षाही एकच. पण तुरुंगात शशिकांतला पुस्तकबांधणीला बसवलं आणि जयवंतच्या हातात संडासाचा झाडू आला. त्यानं दावा लावला. शशिकांतनं साक्षीत पाहिलं तसं सांगितलं. सरकारी वकिलांनी त्याला एवढंच विचारलं, की काम वाटताना कुणी जातीचं नाव घेतलं होतं का? कुणीच घेतलं नव्हतं. दावा तिथंच बुडाला, आणि अपीलही.

दुसऱ्या सकाळी जयवंतनं झाडूला हात लावायला नकार दिला. सुटकेची तारीख लांबेल, जेलरनं बजावलं.

"लांबू दे," जयवंत म्हणाला.

त्याला एकट्याच्या कोठडीत टाकलं. कौसल्या भेटीला आली, तिला फाटकावरूनच परत पाठवलं. भाकरी अर्धी झाली. अंगात ताप भरला. तरी त्याला बरं वाटत होतं. बराकीत तरणीताठी माणसं भरपूर होती. आता त्यांच्यातल्या कुणाला तरी ते काम द्यावं लागेल, मग तो कुणीही असो.

बाहेर काढलं तेव्हा त्याला धड चालवत नव्हतं. संडासाच्या पायरीशी एक म्हातारा टेकून धापा टाकत होता. भिवा त्याचं नाव. परळला बंदच्या दिवशी पकडलेला, तुरुंगात नवा. पाठ पार वाकलेली, हातात झाडू.

हे काम तुम्हाला कुणी दिलं, जयवंतनं विचारलं.

"जमादारानं," भिवा म्हणाला. "जातबित काय इचारली नाय हां. निस्तं आडनाव इचारलं."

जयवंतनं मागे वळून पाहिलं. बराकीसमोर माणसं उन्हाला बसली होती. कुणी इकडे बघत नव्हतं.

"तुम्ही बसा, बाबा," तो म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या हातातला झाडू घेऊन स्वतः आत गेला.