पार्टिशनच्या पलीकडचा

"प्रार्थना काय, पोपटालाही पाठ होते," पाळक म्हणाले. "ती राहू द्या. ज्याला माफ करणं तुम्हाला जमतच नाही, असा एक माणूस सांगा."

थोरल्याला आठवावं लागलं नाही. "माझा धाकटा भाऊ."

थोरला सुतार होता. गेल्या वर्षी चर्चचे बाक दुरुस्त करायला म्हणून आला आणि ठोकाठोकी करता करता प्रवचनं ऐकत राहिला. काम संपलं, तरी पाय तिकडेच वळू लागले. आता त्याला बाप्तिस्मा हवा होता. पुढच्या कामावर डोळा असेल, असं लोक म्हणत. ते खोटं होतं. त्याला मनापासून हवा होता. साठी जवळ आली होती आणि छातीवर काहीतरी जड बसलेलं असायचं, ते एकदाचं उतरावं एवढंच त्याचं मागणं होतं.

पण हे पाळक चिवट. शिकवणीला प्रत्येकाला वेगळ्या वारी आणि एकट्यालाच बोलवत. दोघं एकत्र बसले की एकमेकांना दाखवायला भक्ती करतात, असं त्यांचं मत होतं. थोरल्याचा वार गुरुवार.

"काय केलं धाकट्याने?" त्यांनी विचारलं.

"वडील गेले, तर तोंड बघायलाही आला नाही. नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद."

"मग सहा आठवडे रोज त्याचं एक काम करायचं. त्याला न सांगता. आणि करताना मनात शिवी आली, तर ते काम धरायचं नाही."

वडिलांचा कारखाना दोघा भावांत वाटला गेला होता. मधे प्लायवूडचं पार्टिशन. मागच्या बाजूला मात्र दोघांना नळ एक आणि मोरी एक, त्यामुळे तिथून पलीकडे जाता येई.

दुसऱ्या दिवशी थोरला अर्धा तास आधी पोचला आणि धाकट्याच्या पटाश्यांना धार लावून आला. मनात तीन शिव्या आल्या. काम बाद.

"ज्याच्या नावाने नऊ वर्षं बोटं मोडलीत, त्याच्या पटाश्या घासताय?" बायको म्हणाली. "देवाला फसवायचं तर जरा सोपी युक्ती काढा, अहो."

"फसवत नाहीये."

"मग स्वतःला फसवताय."

दुसऱ्या दिवशी त्याने पलीकडचा भुसा झाडला. पाऊस आला तेव्हा धाकट्याच्या बाहेर ठेवलेल्या फळ्यांवर प्लास्टिक टाकलं. एकदा त्याच्या करवतीच्या दातांना धार लावून दिली आणि आश्चर्य म्हणजे एकही शिवी आली नाही. त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला.

तिसऱ्या आठवड्यात एक नवल घडलं. तो सकाळी आला, तर त्याच्या स्वतःच्या बाजूचा भुसा झाडलेला. चार दिवसांनी, त्याचे बिजागरीचे स्क्रू संपले होते, तर टेबलावर नव्या स्क्रूंची पुडी बांधून ठेवलेली. थोरला मनातून फुलला. शेवटी दगडाला पाझर फुटला म्हणायचा.

सहा आठवडे भरले तेव्हा त्याने हे सगळं पाळकांना रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"वडील गेल्याचा निरोप त्याला कोणी दिला होता?"

थोरला जरा अडखळला. "तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यात आम्हा दोघा भावांचा आधीच वाद चाललेला. कोणीतरी सांगेल असं वाटलं. रक्ताच्या माणसाला आपणहून कळायला नको?"

"बरं," पाळक म्हणाले. "अजून दोन आठवडे."

थोरला चिडला. रस्ताभर पुटपुटत गेला. एवढं करून वर आणखी दोन आठवडे! पण सकाळी पाय आपोआप पलीकडे वळले. आता ते काम केल्याशिवाय त्याला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. हे मात्र त्याने बायकोला सांगितलं नाही.

आठव्या आठवड्याच्या शनिवारी तो सागवानाचं दार एकटाच टेम्पोत चढवत होता. दार घसरलं. कोणीतरी दुसरं टोक उचलून धरलं.

"दादा, तुझ्या बाजूने जरा वर घे," धाकटा म्हणाला.

नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य. दार चढलं. दोघं नळावर हात धुवायला गेले आणि कोणी आधी धुवायचे यावरून उगाच खोळंबले. थोरल्याचे डोळे भरून आले. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "केलं मी त्याला माफ. अगदी मनापासून."

बायकोने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "खरंच केलेलं दिसतंय," ती म्हणाली, आणि त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला.

पाळकांनी आधीच बजावलं होतं, "रविवारी या. मन कसं पालटलं त्याची साक्ष लिहून आणू नका. पाण्यात उतरण्याआधी सुचेल ते बोला."

रविवारी चर्च भरलं होतं. बाप्तिस्मा घेणारे आणखी कोण, ते पाळकांनी नेहमीप्रमाणे कोणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवलं होतं. थोरला दाराआड उभा राहून मनातल्या मनात जुळवाजुळव करत होता. भाऊ कसा वागला, आपण कसं पोटात घातलं, सगळं क्रमाने. पाळकांनी आधी दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं. पलीकडच्या खोलीचं दार उघडलं, पावलं वाजली आणि घसा खाकरल्याचा आवाज आला.

"नऊ वर्षांपूर्वी आमचे वडील गेले," धाकटा म्हणाला. "मी दोन गल्ल्या सोडून राहत होतो, आणि मला ते दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं. ज्याने मला शेवटचं तोंडही बघू दिलं नाही, त्या दादाला माफ केल्याशिवाय मी या पाण्यात पाय ठेवणार नव्हतो. सहा आठवडे रोज त्याचं एकेक काम करून पाहिलं, जमेना. काल जमलं."