स्वेच्छेने

पुलाला तडे गेले होते आणि साहेबांनी ते अहवालातून बिनदिक्कत गाळले होते. तक्रार ऑफिसातून नको, घरून आपल्या लॅपटॉपवरूनच करायची, असं इंजिनिअरबाईंनी ठरवलं. ऑफिसने घालून दिलेल्या सॉफ्टवेअरमधून सर्व्हरला जोडून त्यांनी तड्यांचा आलेख पडद्यावर उघडला आणि त्याच्या शेजारी साहेबांच्या वरिष्ठांना मेल लिहायला घेतला. 'साहेबांनी' हा शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते.

"मॅडम, खोडलंत ते बरं केलं होतंत. परत कशाला लिहिलंत?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. "तुम्हाला कसं दिसतंय?"

"आमचं ते सॉफ्टवेअर घरी उघडलंत, की तुमचा अख्खा पडदा आणि कीबोर्ड आमच्या ताब्यात येतो. आता जरा हात बाजूला घ्या."

पडद्यावरची अक्षरं आपोआप पुसली गेली आणि त्या जागी नवी उमटू लागली: 'तडे माझ्या हलगर्जीपणामुळे अहवालात यायचे राहिले. मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' बाईंनी झटक्यात लॅपटॉप मिटला, पण तोवर मेल गेलासुद्धा होता.

"चूक कबूल करायला मोठं मन लागतं हो," साहेब म्हणाले. "राजीनामा मंजूर."