बिनवाजंत्रीचा नाच

"हारलो तर मुंडावळ्या बांधून भर चौकात नाचीन. बिनवाजंत्रीचा!" किशनरावानं टपरीच्या फळीवर थाप मारली. "बोल, लावतो पैज?"

"लावली," साहेबराव म्हणाला. "मी हारलो तर मी नाचतो, दादा."

चहावाला अण्णाराव साक्षीला. त्यानं दोघांचे हात मिळवून दिले. चहा तेवढा फुकट पाजला नाही, बाकी विधी यथासांग पार पडला.

पैज साधी होती. नगरपरिषद डीजेवर बंदी आणणार का नाही? साहेबराव म्हणायचा, आणणार. किशनराव म्हणायचा, सात जन्मात नाही. आणि किशनराव इथल्याच वॉर्डाचा नगरसेवक, म्हणजे आतली खबर त्याच्याकडं.

साहेबराव सरवदे एसटीचा रिटायर ड्रायव्हर. घर रस्त्याला लागून, किशनरावाच्या बरोबर समोर. बायको सरजाबाईचं बायपासचं ऑपरेशन झालेलं. गणपतीत डीजे दारासमोर थांबला की मांडणीतली भांडी नाचायची, आणि सरजाबाई छाती दाबून मोरीत जाऊन बसायची. आख्ख्या घरात तिथंच जरा कमी आवाज. औंदा तिथंच चक्कर येऊन पडली.

हीच सरजाबाई पूर्वी दरवर्षी चौकात गायला उभी राहायची. पेटी, ढोलकी, एक माईक, आणि गल्लीतली पोरंठोरंसुद्धा गप. ऑपरेशनपासून गाणं बंद.

साहेबराव अर्ज घेऊन गेला की किशनराव खांद्यावर हात टाकायचा. "तुझं खरं हाय रे. पण आता देवी बसणार. देवाधर्माचं काम, पोरं ऐकत न्हाईत."

देवी उठली. "लग्नसराई होऊ दे. नवरदेवाच्या बापाला काय सांगू?"

लग्नं उरकली. "शिवजयंती तोंडावर आली. महाराजांच्या मिरवणुकीला ना म्हणू का?"

"महाराज आमचे बी हायत, दादा. मिरवणूक बंद करा म्हणत न्हाई. आवाज कमी करा म्हणतो. सगळ्यांचाच."

"करू की. गावची जत्रा तेवढी होऊ दे."

अण्णाराव कप विसळता विसळता म्हणायचा, "साहेबराव, मुंडावळ्या आणून ठेव. स्वतःच्या मापाच्या."

किशनराव खदखदून हसायचा. "अन् ठराव झाला तरी काय होतंय? प्लास्टिकबंदी झाली, पिशव्या थांबल्या का? मोकाट जनावरांचा ठराव झाला, अन् हे बघ, सभापती आले." टपरीसमोर एक वळू निवांत केळ्याची सालं खात उभा असायचा.

जत्रा झाली. ऊन तापलं. साहेबराव सरजाबाईला घेऊन लातूरला तपासणीला गेला. डॉक्टरनं यंत्र लावलं, कागद बघितले आणि म्हणाला, "आजी, झकास. काय करायचं ते करा."

"गाऊ का?"

"गा की. फक्त डीजेजवळ उभं राहू नका."

बाहेर आल्यावर सरजाबाईनं पदर खोचला. "पाव्हण्याकडं मुक्काम नको. आजच घरी चला. पांढऱ्या लुगड्याला खळ घालून आलेय मी. अन् पेटीवाल्याला निरोप द्या, उद्या सरजाबाई गाणार हाय म्हणावं."

एसटी निम्म्या वाटेत असताना अण्णारावाचा फोन आला. "साहेबराव! ठराव पास! तातडीची सभा घेतली. किशनराव हारला! लौकर या, नवरदेव ताटकळलाय!"

साहेबरावाला वाटलं, अण्णाराव मस्करी करतोय. त्यानं फोन सरजाबाईच्या कानाला लावला. तिनं ऐकलं, आणि ती एसटीतच हळू आवाजात गुणगुणायला लागली. कितीतरी दिवसांनी.

चौकात ही गर्दी. पोरं उद्याच्या कमानीचे बांबू बांधत होती, ती पण वरूनच बघत होती. मधोमध किशनराव, कपाळाला मुंडावळ्या, इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडभर हसू. हरलेल्या माणसाला एवढं हसू येतं का, असं साहेबरावाला वाटून गेलं. पण लगेच किशनरावानं त्याला मिठी मारली.

"सभेत पयला हात कुणाचा वर गेला, म्हाईतीय? माझा."

"पैज हारायला?"

"वैनीसाठी रे. सगळ्यांना सांगितलं, साहेबराव आपला माणूस हाय, त्याचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई. तुझं नाव घेऊन ठराव मांडलाय."

साहेबरावाचे डोळे भरून आले. त्यानं भर चौकात किशनरावाला हात जोडले.

मग किशनराव नाचला. ना ताशा, ना डीजे, नुसत्या चपलांची फटफट. कंबर हलवली, गुडघ्यावर बसला, रुमालाचा नाग केला. अण्णारावानं शिट्टी मारली. कमानीवरची पोरं हसून लोटपोट. सरजाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. छातीवर हात नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यावरून नगरपरिषदेची दवंडीची रिक्षा आली. भोंगा एवढा मोठा की टपरीवरचे कप थरथरले. सरजाबाईचा हात सवयीनं छातीवर गेला. किशनराव थांबला नाही. उलट त्याला आता ताल मिळाला.

"ऐका हो ऐका! आवाजाच्या त्रासापायी श्रीयुत साहेबराव सरवदे यांनी केलेल्या मागणीवरून नगरपरिषदेनं ठराव केलेला हाय!"

कमानीवरची पोरं हसायची थांबली. एकेकानं मान वळवून साहेबरावाकडं बघितलं.

"मिरवणुकीत अन् चौकातल्या कार्यक्रमात डीजे, ढोलकी, पेटी, माईक, कायबी वाजणार न्हाई! वाजलं तर सामान जप्त होईल! पोलीस बंदोबस्त लागलेला हाय! अंमल उद्यापासून! ध्यानात ठेवा, उद्यापासून, चौदा एप्रिल!"