सेलचं घड्याळ

तिसऱ्या दिवशी रामकुंडावर अस्थी सोडून घरी आल्यावर चंदरनं टेबलाचा खण उघडला, तेव्हा बायकोचं, वत्सलाचं, घड्याळ बंद पडल्याचं त्याला कळलं. तिला नेण्याआधी त्यानंच ते तिच्या मनगटावरून काढून ठेवलं होतं. तेव्हा ते चालू होतं.

"तिच्यामागोमाग गेलं रे दादा," त्याची बहीण संध्या म्हणाली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. "वस्तूलासुद्धा कळतं."

"सेल संपला असेल," चंदर म्हणाला.

त्या घड्याळाला कधी चावी द्यावी लागली नव्हती. म्हणजे ते सेलचंच. घरात कोणाला त्यात शंका नव्हती.

घड्याळ तृप्तीनं पाठवलेलं. तृप्ती त्यांची एकुलती एक मुलगी. जहाजावर नोकरी करणाऱ्या संतोषशी तिनं बापाला न विचारता लग्न केलं आणि कलकत्त्याला राहायला गेली. पहिल्याच वर्षी संतोषकडून तिनं बाबांसाठी हे जपानी घड्याळ मागवलं. पाणबुडे घालतात तसलं, जाडजूड, काचेभोवती दातेरी कडी. चंदरनं डबी उघडलीसुद्धा नाही.

"तुम्ही नाही ना घालत? मग मी घालते," वत्सला म्हणाली आणि तिनं पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला.

"पातेल्यावरचं झाकण बांधल्यासारखं दिसतंय."

"दिसू दे. जावयानं दिलंय. तुमच्या साहेबाकडे तरी आहे का असलं?"

भाजी घेताना, भांडी घासताना ते तिच्या डाव्या हातावर असायचं. मेंदूत रक्तस्राव होऊन ती ओट्याशी कोसळली, तेव्हाही होतं.

डॉक्टरांनी हाका मारल्या, चिमटे काढून पाहिले. "यांना आता काही कळत नाही. हातपाय हलायचे नाहीत. घरी न्या, सेवा करा."

माणसांत राहील म्हणून चंदरनं पलंग हॉलमध्ये मांडला, डावी बाजू भिंतीला लावून. दिवसा तो नाशिक रोडच्या प्रेसमध्ये कामाला जाई. तेवढा वेळ गोजराबाई सांभाळायच्या. त्यांना ऐकू जरा कमी यायचं, पण हात मायेचा होता.

"साहेब, अंग पुसायचंय. घड्याळ काढून ठिवू का?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"राहू द्या. पाण्यातलंच आहे ते."

तेव्हापासून ते कोणी काढलं नाही. गोधडीखाली, भिंतीकडच्या हातावर ते महिनोन्महिने चालत राहिलं. चंदर कामावरून आला की गोधडी सारून त्यात वेळ बघायचा, मोठ्या आवाजात बातम्या लावायचा आणि मग आतल्या खोलीत झोपायला जायचा. गोजराबाईंची एकच कुरकुर असायची. पलंगामागं भिंतीचे पोपडे पडतात, झाडून झाडून कंबर जाते.

"ओल असेल," चंदर म्हणायचा.

आता तृप्ती गाडीत बसली होती. तिच्या हातात आईचं घड्याळ चालू स्थितीत द्यायचं, एवढं त्यानं ठरवलं. तिला देण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

कोणीतरी इंदिरानगरातल्या धनराजचं नाव सांगितलं. औषधांचं दुकान आणि जुन्या-नव्या घड्याळांचा नाद. संध्याकाळी चंदर गेला, पण सुतक आहे म्हणत दुकानाच्या पायरीवरच थांबला.

"या हो काका, वर या. मी नाही मानत तसलं काही."

धनराजनं घड्याळ हातात घेतलं आणि त्याचा चेहराच बदलला. खणातून त्यानं भिंग काढलं.

"वा! दोनशे मीटर. नाशकात असं मी दुसरं पाहिलेलं नाही. ही कडी बघा काका, एकाच बाजूला फिरते. पाणबुड्या खाली उतरताना ती लावून ठेवतो. आत किती वेळ झाला, हवा किती उरली, त्याला कळतं. चुकून धक्का लागला तरी कडी हवा कमीच दाखवणार, जास्त नाही. खाली बोलायची सोय नसते ना."

"सेल टाकून मिळेल ना?"

धनराज हसला. "सेल कुठला काका? ऑटोमॅटिक आहे हे." त्यानं घड्याळ चार वेळा हलवलं. सेकंदाचा काटा चालू लागला. "आत एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि आपोआप चावी बसते. हात थांबला, की दीड-दोन दिवसांत बंद."

चंदर काट्याकडे बघत राहिला.

"अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातावर असलं तर? अंग पुसताना, कूस बदलताना हलतोच की हात."

"तेवढ्यानं काय होतंय? एखादा दिवस रेटेल. रोज चालायचं तर हात चांगला हलायला हवा, तासन् तास." धनराजनं टाचणीनं कडीच्या दात्यांतलं काहीतरी कोरून कागदावर झटकलं. "कोण वापरत होतं हो हे? फार हाल केलेत. कशावर तरी सारखं आपटलंय. रंग भरलाय बघा."

कागदावर पिस्ता रंगाची भुकटी होती. हॉलच्या भिंतीला तो रंग चंदरनं स्वतः दिला होता.

तृप्तीचा फोन दर रविवारी यायचा. "बाबा, येऊ का आईला बघायला?" ती विचारायची. "येऊन काय करणार? तिला काही कळत नाही," तो म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. फोन वत्सलाच्या उशाशी होता. काल गाडीत बसण्याआधीही तृप्तीनं विचारलं होतं, "शेवटी आईला माझी आठवण आली असेल का हो?" तो नाही म्हणाला होता. उद्या सकाळी ती नाशिक रोडला उतरणार होती. भिंतीवर आपटणाऱ्या हाताचं तिला अजून काहीच माहीत नव्हतं.