काळ्या आयाळीचं शिंगरू

"मुळासकट हवेत," डॉक्टर म्हणाले. मोतद्दाराने शिंगराच्या आयाळीतले पंधरा-वीस केस बोटाला गुंडाळून हिसकले आणि पाकिटात टाकले. पागेतल्या बाकी सगळ्या घोड्यांच्या डीएनएची नोंद प्रयोगशाळेत आधीच होती.

"काका, अजून वेळ आहे," मालक म्हणाले. "त्या दिवशी कडी राहिली असेल तर सांगून टाका. मी ओरडणार नाही."

"कडी मी लावली होती, मालक."

बाप तांबडा, आई तांबडी आणि पोराची आयाळ मात्र काळीभोर. दोन तांबड्यांच्या पोटी काळी आयाळ येत नाही; घोड्यांत जन्म गेलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. घोडी माजावर आली का हे पाहायला तिच्यापुढे आधी एक साधा घोडा उभा करतात. या पागेतला तो काळ्या आयाळीचा होता, आणि त्याला बांधणं-सोडणं मोतद्दाराकडे होतं; कडी राहून तोच तांबडीपर्यंत पोचला, असा संशय होता. एकतीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आता सगळी पागा कुजबुजत होती. टेस्टचा हट्ट त्यानेच धरला. बाप दुसरा निघाला तर मी माझं बोचकं उचलतो, असंही त्यानेच सांगून टाकलं.

या शिंगराला त्याने तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. एकाच घोड्यापासून गाभण राहिलेल्या दोन घोड्या एकाच पहाटे व्याल्या, आणि सांभाळायला मोतद्दार एकटा. दोन्ही पिल्लं गारठलेली. शेगडीपाशी नेऊन त्याने ती एकाच गोणपाटाने पुसली. एक गेलं. दुसरं त्याने तांबडीपुढे ठेवलं, आणि तिने निमूट चाटायला घेतलं.

शेजारच्या ठाणातल्या घोडीला मात्र आपलं पिल्लू गेल्याचं सोसलं नाही. ती या शिंगरासाठी जीव टाकू लागली. दोनदा कुंपण ओलांडून आली. ती शिंगराला तुडवेल या धास्तीने मोतद्दाराने कुंपण हातभर उंच केलं. तिसऱ्या उडीत तिचा पाय मोडला. डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा तिचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं.

"वेडच लागलं होतं बिचारीला," तो नंतर सांगायचा.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. ऑफिसात मालक उभेच होते. मोतद्दार दारात, टोपी हातात घेऊन.

"बाप आपला तांबडाच," डॉक्टर म्हणाले. "शंकेला जागा नाही."

मोतद्दार लहान मुलासारखा रडला. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चुकलो, काका. तुमच्यावर संशय घ्यायला नको होता."

"असू द्या, मालक. खरं झालं ना, बस."

"पण मग आयाळ काळी कशी?" मालकांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मोतद्दाराकडे त्यांना बघवेना.

"तांबडी याची आई नाही, काका. आई म्हणून शेजारच्या ठाणातल्या त्या काळ्या आयाळीच्या घोडीचं नाव आलंय."