मधलं घर

नासिरने वायर ओढली आणि कपाटावरच्या काळ्या डबीचा हिरवा दिवा विझला.

"तहा होता त्यात!" त्याची बायको हमिदा किंचाळली. तांदूळ पाखडायचं सूप तसंच टाकून ती धावली आणि तिने डबी उचलून छातीशी धरली. डबी अजून कोमट होती.

"तहा नाय त्यात," नासिर म्हणाला. "हातखंब्याकडे वाऱ्याने तारा तुटल्यात. लाइट आज येत नाय. मोबाइलचा टॉवर पण गेला. बॅटरी आहे तोवर घरातलं नेट चालेल, आणि नेट आहे तोवर पोराचा निरोप आला तर फोनवर येईल. ही डबी कशाला बॅटरी खाते?"

कोपऱ्यातला इन्व्हर्टर टीं टीं करत होता.

त्यांचा मुलगा तहा परदेशी एका बंदरावर क्रेन चालवायचा. तिथे लढाई पेटली आणि नेटचे नेहमीचे रस्ते बंद झाले. 'बरा आहे. आडवाटेने लिहितोय,' एवढा निरोप गेल्या जुम्म्याला आला. त्यानंतर काही नाही. ही डबी म्हणजे तसल्याच आडवाटेवरचं एक घर. मागच्या सुट्टीत त्यानेच ती बसवली होती. "तिकडे नेटवर पहारा. आम्ही लोकांच्या घरांतल्या अशा डब्यांतून जातो. मग आपलं पण एक घर असू दे," म्हणाला होता.

जुम्म्यापासून हमिदा रोज सकाळी डबी ओढणीने पुसायची आणि विचारायची, "खाल्लंस काय रे?" दिवा लुकलुकला की तिला वाटायचं, हो म्हणाला. डबीत खरं काय चालतं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी इरम, जिला सगळं कळत होतं, तिनेही नाही.

"इरम, तुझ्या अब्बांना सांग गो. तहा ह्यातूनच बोलतो ना?"

इरम आईजवळ खाली बसली.

"नाही अम्मी. एक निरोप तीन घरांतून जातो. आपलं घर मधलं. मधल्या घराला एवढंच कळतं, कुठल्या दारातून आला आणि पुढे कुठल्या दारी द्यायचा. कुणाचा आहे, काय आहे, ते कळत नाही. कळू नये म्हणूनच तसं केलंय."

"म्हणजे तहा नव्हता?"

"एखाद्या वेळी असेलही. पण आपल्याला कळणार नाही. कधीच."

हमिदाने डबीकडे पाहिलं. अंगठ्याने तिच्यावरची नसलेली धूळ पुसली.

"पण कुणीतरी होतं."

"हो."

"आत्ता? ह्यांनी ओढली तेव्हा?"

"बरेच जण असतील. तुटले ते. आता दुसरं घर शोधतील."

"नाय मिळालं तर?"

इरमने अब्बांकडे पाहिलं.

हमिदाने मान वर केली. आवाज चढवला नाही.

"मग हा कुणाचा तहा होता, ओ?"

नासिरच्या हातात अजून वायर होती. त्याची उमेदीची वर्षं बोटींवर गेली होती. समुद्रावर लांबच्या बोटीची वायरलेसवरची हाक बंदरापर्यंत पोचली नाही, तर मधल्या बोटीने ती पुन्हा द्यायची असते. त्याने कितीदा दिली होती. त्या बोटींचं पुढे काय झालं, ते त्याला कधीच कळलं नव्हतं.

त्याने बायकोच्या हातातून डबी घेतली, कपाटावर ठेवली आणि वायर खोचली. दिवा लागला. पण नुसताच लागला.

"लुकलुकत का नाय?" त्याने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "इरम, का नाय लुकलुकत?"

"वेळ लागतो, अब्बा. हे घर परत उघडलं, ते बाकीच्यांना कळायला हवं."

बॅटरी उतरत आली तशी इन्व्हर्टरची टीं टीं भराभर होऊ लागली. नासिरने जाऊन त्याच्यावर चालणारा पंखा बंद केला. मग स्वयंपाकघरातला दिवाही घालवला आणि पुन्हा कपाटापाशी येऊन उभा राहिला. हमिदाचे ओठ हलत होते. तिघंही त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होती.

मागे गादीवर फोन पालथा पडला होता. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.