मशीनमधली सासू

पावती काही निघेना. जागा अपुरी असल्याची ओळ कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा उमटली, तशी चंद्रकलाने पुन्हा बटण दाबून पाहिलं. साकोलीच्या त्या राइस मिलच्या आवारात धानाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. आत बाकावर तिच्या सासूबाई, देवकाबाई, नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सानगडीहून त्या एकच गोष्ट सांगायला आल्या होत्या. मिलचे साहेब आले की म्हणणार, लेकराचे हाल होतात, सून उद्यापासून कामावर येणार नाही. चंद्रकलाला ही नोकरी जिवापाड हवी होती. आणि नेमका आजच कॉम्प्युटर रुसला होता.

चूक तिचीच. मशीन सुरू होताना काय काय जागं करायचं, याच्या दोन मांडण्या तिने साठवून ठेवल्या होत्या. महिनाअखेरच्या हिशेबाची मांडणी उठली की मशीनमधली सगळी जागा अडवून बसे. रोजच्या पावत्यांची आटोपशीर होती. दोघी एकत्र नांदत नाहीत म्हणून तिने गमतीगमतीत नावं दिली, पहिलीला सासू आणि दुसरीला सून. काल लेकराला ताप आला, ती धावत घरी गेली, आणि मशीनमधली सासू तशीच चालू राहिली.

ही नावं ठाऊक असलेला वजनकाट्यावरचा भोजराज दारातूनच ओरडला. त्याच्या जिभेला हाड नव्हतंच कधी. "बाई, उडवूनच टाका ना त्या सासूले. तिच्यापायी सारं अडून राहिलं."

देवकाबाईंनी मान वर केली. "काय म्हणून राहिला तो?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "ते मशीनमधलं नाव हाये, आत्याबाई. सासू बसली का सारी जागा तिलेच लागते. सुनेले कामच करता येत नाही." बोलून झालं आणि तिला जीभ चावावीशी वाटली.

देवकाबाईंनी मांडीवरच्या नातवाकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

चंद्रकलाने सासूच्या जागी सुनेची मांडणी सुरू करायचा हुकूम टाइप केला, मशीन बंद करून पुन्हा लावलं. पावती करकरत बाहेर आली. तेवढ्यात साहेबही आले.

देवकाबाई नातवाला कडेवर घेऊन उठल्या. साहेबांना नुसता रामराम करून त्या दाराशी गेल्या आणि वळल्या.

"सासूले मिटवू नोको वो. बाजूला बसव. लेकरू सांभाळाले लागते ती."